वाटणं आणि वागणं: आज्ञापालनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आमच्या मंडळीत एक छोटा बायबल अभ्यासगट चालवते. अभ्यास सुरू असताना सगळे माना डोलावतात. खरे प्रश्न येतात ते शेवटची प्रार्थना झाल्यावर, खुर्च्या एकात एक रचताना. पुढचे बहुतेक प्रश्न तसेच आलेले आहेत. उत्तरं मात्र तेव्हा दिली त्यापेक्षा जरा विचार करून लिहिली आहेत.

विश्वास ही मनातली गोष्ट आहे. मग आज्ञा पाळण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

मराठीत आपण म्हणतो, "पोरगा अजिबात ऐकत नाही." त्याच्या कानात दोष आहे असं आपल्याला म्हणायचं नसतं. त्याला ऐकू नीट येतं, तो करत नाही. आपल्या भाषेत "ऐकणं" या एकाच शब्दात कान आणि कृती दोन्ही आहेत, आणि गंमत म्हणजे हिब्रू भाषेतही तसंच आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात "हे इस्राएला, ऐक" अशी हाक आहे. तिथला "शमा" हा शब्द ऐकण्यासाठीही वापरतात आणि मानण्यासाठीही. नव्या करारात आज्ञापालनासाठी जो ग्रीक शब्द येतो, त्याच्याही पोटात "ऐकणं" आहे. बेनेडिक्टने ६व्या शतकात आपल्या मठातल्या लोकांसाठी नियम लिहिले, त्यांचा पहिलाच शब्द "ऐक" असा आहे.

म्हणजे विश्वास आधी आणि आज्ञापालन नंतर कधीतरी, सवडीने, अशी दोन खाती शास्त्रात नाहीत. पौल रोमकरांस पत्राच्या सुरुवातीला (१:५) आणि अगदी शेवटी (१६:२६) विश्वासाच्या आज्ञाधारकपणाविषयी बोलतो. विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयी सर्वांत जोरात बोलणाऱ्या पत्राची ही दोन टोकं आहेत. याकोब तर सरळ टोमणाच मारतो: देव एकच आहे असं तू मानतोस? छान. भुतंही तसं मानतात आणि थरथर कापतात (२:१९). नीट पाहिलं तर त्या भुतांकडे बरोबर मत आहे आणि तीव्र भावनाही आहे.

म्हणजे उपासनेत रडू येणं, आनंदाने भरून येणं चुकीचं का?

मुळीच नाही. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. स्तोत्रांत तर आक्रोश, संताप, नाच, टाळ्या सगळं आहे. भावनाशून्य ख्रिस्ती माणूस हा आदर्श कुणी आणि कधी ठरवला, मला माहीत नाही. निदान शास्त्रात तो सापडत नाही.

अडचण येते ती भावनेलाच मोजपट्टी केल्यावर. १७४०च्या दशकात अमेरिकेतल्या मंडळ्यांत मोठी जागृती झाली. लोक उपदेश ऐकताना ओरडत, कोसळत, हुंदके देत. काही पाळकांना तो निव्वळ उन्माद वाटला, काहींना प्रत्येक हुंदका पवित्र आत्म्याचाच वाटला. जॉनथन एडवर्ड्स स्वतः त्या जागृतीत उपदेश करत होते. त्यांनी दोन्ही बाजूंची पंचाईत केली. त्यांचं म्हणणं असं की, अश्रूंवरून काहीच सिद्ध होत नाही, देवाचं काम आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. खऱ्या आस्थेला ते पुरेपूर मान देत. पण पारखण्याच्या खुणांत त्यांनी सर्वांत जास्त वजन दिलं ते पुढच्या काळातल्या वागणुकीला.

येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवर पडलेलं बी आठवा (मत्तय १३). ते वचन "आनंदाने" ग्रहण करणाऱ्यांचं चित्र आहे. सगळ्यांत आधी उगवतं तेच, आणि ऊन तापलं की करपतंही तेच. आनंद खोटा नव्हता. खाली माती नव्हती.

मग मन हललं आणि माणूस बदलला, यातला फरक ओळखायचा कसा?

शास्त्रातली तीन माणसं शेजारीशेजारी उभी करून बघा.

पहिला फेलिक्स, रोमी सुभेदार. पौल त्याच्यासमोर नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांविषयी बोलू लागला तेव्हा तो घाबरला. चांगलाच घाबरला. आणि म्हणाला, आता जा, सवड मिळाली की बोलावीन (प्रेषितांची कृत्ये २४). त्याने नंतर पौलाला पुन्हा पुन्हा बोलावलंही. पण काही पैसे मिळतील या आशेने. दोन वर्षं असं चाललं आणि शेवटी पौलाला तुरुंगात तसंच ठेवून साहेब निघून गेले.

दुसरा तो श्रीमंत माणूस. मार्क सांगतो की तो धावत आला आणि त्याने गुडघे टेकले. येशूला त्याच्यावर प्रीती वाटली, हेही मार्क मुद्दाम नोंदवतो. मग येशूने त्याला सांगितलं, असेल ते विकून गरिबांना दे. तो आला होता उत्साहात आणि गेला खिन्न होऊन. येताना भावना, जाताना भावना, आणि मालमत्ता होती तिथेच.

तिसरा जक्कय. त्याने येशूचं आनंदाने स्वागत केलं, पण लूक त्या आनंदावर फार वेळ घालवत नाही. जक्कय उभा राहून आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. जकातदाराचा पश्चात्ताप हिशेबाच्या भाषेत आला, हे मला फार आवडतं. ज्या वहीत पाप होतं त्याच वहीत तो पोचला.

माझंही सांगते. एका शिबिरात क्षमेवरचा संदेश ऐकून मी ढसाढसा रडले. थोरल्या भावाशी दीड वर्ष बोलणं नव्हतं. कारण इतकं क्षुल्लक होतं की इथे लिहायची लाज वाटते. त्या रात्री मला अगदी हलकं वाटलं, मी साक्षही दिली, बायकांनी येऊन मिठ्या मारल्या. फोन मात्र केला नाही. तीन आठवडे केला नाही! झालेल्या रडण्यातच क्षमा मागून झाली अशी माझी समजूत होती. मग एका संध्याकाळी त्याचा नंबर काढून बराच वेळ नुसती बघत बसले. लावला. तो म्हणाला, "थांब, गॅस बंद करून येतो." त्या अर्ध्या मिनिटात मी ठरवलेली सगळी वाक्यं विसरले. "दादा, माझं चुकलं," एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "बरं." मग आईच्या गुडघ्यांविषयी बोललो. डोळ्यांत पाणी नाही, अंगावर शहारा नाही, काही नाही. तरीही शिबिरातली रात्र आणि हा कोरडा फोन यांतलं आज्ञापालन कोणतं, याविषयी मला आता शंका नाही.

"पूर्ण मनाने" म्हणजे नेमकं काय? भावना लागत नाही म्हणता, आणि पूर्ण मनही हवं म्हणता!

हा प्रश्न विचारणाऱ्या काकांना मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नव्हते.

आपण "मनात येणं" म्हणतो आणि "मनावर घेणं" म्हणतो. दोन्हीकडे मनच आहे. पण "त्याने मनावर घेतलं" म्हटलं की आपल्याला कळतं, आता हा करणार. बायबलमधलं हृदय या दुसऱ्या मनाच्या जवळचं आहे. हिब्रूत हृदय म्हणजे विचार करण्याची आणि ठरवण्याची जागा. त्यामुळे संपूर्ण मनाने प्रीती करा याचा अर्थ भावनेचा पारा शंभरावर न्या असा होत नाही. काही राखून ठेवू नका, एखाद्या खोलीला कुलूप घालून "ही सोडून सगळं घर तुझं" असं म्हणू नका, असा होतो.

अमस्या नावाचा यहूदाचा एक राजा होता. त्याच्याविषयी २ इतिहास २५ मध्ये एक चमत्कारिक नोंद आहे: परमेश्वराच्या दृष्टीने जे योग्य ते त्याने केलं, पण पूर्ण मनाने नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काही कमी दिसलं नसेल. त्याच अध्यायात पुढे तो अदोमी लोकांवर जय मिळवतो आणि ज्यांना हरवलं त्यांचीच दैवतं घरी आणून पूजतो. राखून ठेवलेली जागा रिकामी राहत नाही.

त्याच्या उलट कालेब. वचनदत्त देश हेरायला बारा जण गेले, त्यांतल्या दहांनी लोकांचं अवसान घालवलं. कालेब पूर्णपणे परमेश्वराला अनुसरला असं गणना १४ म्हणतं. पुढे ८५ वर्षांचा झाल्यावर तो यहोशवाकडे जातो आणि मागतो काय, तर डोंगराळ मुलूख, जिथे अजून बलाढ्य शत्रू बसलेले आहेत! या वयात माणसं सावली मागतात.

अर्धवट आज्ञापालनाचा सर्वांत ओळखीचा चेहरा शौल राजाचा आहे (१ शमुवेल १५). अमालेकी लोक आणि त्यांची जनावरं, काहीही राखू नकोस, असं त्याला सांगितलेलं होतं. अमालेक्यांविरुद्धची ती आज्ञाच आजच्या वाचकाला पचत नाही, मलाही जड जाते. तो मोठा विषय आहे आणि इथे मी त्यात शिरत नाही. माझं लक्ष शौलाच्या बोलण्याकडे आहे. तो शमुवेल संदेष्ट्याला उत्साहाने सांगतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानी येतंय ते मेंढरांचं बेंबाटणं कसलं? शौलाकडे कारण तयार असतं, आणि ते धार्मिक असतं: चांगली जनावरं यज्ञासाठी राखली. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, हे शमुवेलाचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र ती मेंढरं जास्त आठवतात. आपण साक्ष देत असताना मागे कोणतं बेंबाटणं ऐकू येतंय, हे बहुधा घरच्यांना विचारावं लागतं.

हे कर्मांनी तारण मिळवणं झालं नाही का?

नाही. दहा आज्ञांच्या आधीचं वाक्य वाचा (निर्गम २०:२): मी तुला दास्यगृहातून बाहेर आणलं. सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या. मिसरात असताना कुणाला दहा आज्ञांची परीक्षा द्यावी लागली नव्हती. इफिसकरांस पत्रातही (२:८–१०) तोच क्रम आहे: तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, आणि लगेच पुढच्या दमात, सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले. आपण बहुतेक वेळा ९व्या वचनावर थांबतो आणि १०वं फळ्यावर लिहायचं राहून जातं.

मनापासून वाटत नसताना करणं म्हणजे ढोंग नाही का?

ढोंग म्हणजे नसलेली भावना चेहऱ्यावर आणणं. इच्छा नसताना, इच्छा नाही हे देवाला स्पष्ट सांगून करणं, याला ढोंग कसं म्हणता येईल? गेथशेमाने बागेत येशूने "हा प्याला माझ्यापासून दूर कर" असं मागितलं. त्याने आनंदाचा आव आणला नाही. तो अतिशय खिन्न होता आणि तसं त्याने शिष्यांना बोलूनही दाखवलं. मग म्हणाला, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ख्रिस्ती आज्ञापालनाचा सर्वोच्च क्षण हाच असेल, तर त्या क्षणी "छान वाटत होतं" असं कुणीही म्हणू शकणार नाही.

दोन मुलांचा दाखलाही (मत्तय २१) इथेच बसतो. बाप म्हणतो, द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. एक म्हणतो, "जात नाही," आणि नंतर पस्तावून जातो. दुसरा म्हणतो, "जातो, महाराज," आणि जात नाही. "महाराज" कोण म्हणालं बघा. आदर दुसऱ्याकडे आहे, चिखलाचे पाय पहिल्याचे आहेत.

पेत्राचंही तसंच. रात्रभर जाळी टाकून हाती काही नाही, जाळी धुऊन झाली, आणि आता सुताराच्या घरचा येशू या कोळ्याला सांगतो की खोल पाण्यात चल. पेत्राच्या उत्तरात उत्साहाचा लवलेश नाही. पण तुमच्या शब्दावरून जाळी टाकतो, असं तो म्हणाला, आणि टाकली.

इतिहासातलं एक उदाहरण देते. २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये एका सभेत मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना आपलं हृदय विलक्षण उबदार झाल्यासारखं वाटलं. हा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. त्यानंतर जेमतेम सात महिन्यांनी, जानेवारी १७३९ मध्ये, त्यांनी रोजनिशीत आपण ख्रिस्ती नाही असं लिहिलं, हे फारसं कुणी सांगत नाही. ऊब गेली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते ब्रिस्टलला उघड्या मैदानावर उपदेशाला उभे राहिले. चर्चच्या इमारतीबाहेर उपदेश करणं त्यांच्या स्वभावाला अजिबात रुचणारं नव्हतं. आवडलं नाही, पण केलं. पुढचं काम त्यातून उभं राहिलं.

कित्येक महिने प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. माझा विश्वास संपला का?

तसं लगेच ठरवू नका. ८८वं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी नेहमीसारखं स्तुतीचं वळणसुद्धा नाही. तरीही ते देवाला उद्देशून आहे आणि शास्त्रात आहे. मदर तेरेसा यांची खाजगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झालं. जवळपास अर्धशतक त्यांना आत देवाची जाणीव नव्हती, होता तो कोरडेपणा आणि काळोख. रोजची प्रार्थना आणि रस्त्यावरच्या माणसांची सेवा त्या काळातही चालू होती.

पण एक गोष्ट आवर्जून. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर हा आध्यात्मिक दुष्काळ असेलच असं नाही. डॉक्टरांकडे जा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं (१ राजे १९). त्या दिवशी एलीयाचं आज्ञापालन म्हणजे उठून जेवणं, एवढंच होतं.

देवाची इच्छा काय आहे हेच कळत नाही. मग पाळू काय?

नोकरी कोणती, लग्न कुणाशी, गाव कोणतं, हे खरोखर अनेकदा कळत नाही. पण सूड घेऊ नका, खोटं बोलू नका, मजुरी अडवू नका, कैद्याला भेटा, हे कळायला कुठे दर्शन लागतं? जे कळलेलं आहे ते टाळण्यासाठी जे कळलेलं नाही त्यावर प्रार्थनासभा घ्यायची, ही युक्ती मीही वापरलेली आहे.

सुरुवात कुठून करू?

शेवटचं तुमचं मन कधी हललं ते आठवा. त्या वेळी काय करायचं ठरवलं होतं? ते झालं का? बहुतेकांची सुरुवात तिथेच पडून असते, नवा संदेश लागत नाही. यहेज्केल ३३ मध्ये लोक एकमेकांना दारात उभे राहून म्हणतात, चला, संदेष्ट्याचं ऐकू या. येतात, बसतात, ऐकतात. देव यहेज्केलाला सांगतो की त्यांच्या लेखी तू गोड गळ्याने प्रेमगीत गाणारा, छान वाजवणारा आहेस. ते ऐकतात, पण करत नाहीत. उपदेशाला "किती सुंदर झाला" म्हणताना मला हल्ली हा अध्याय टोचतो.

येशूची एक आज्ञा तर वेळेसकट दिलेली आहे: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३–२४). उपासनेच्या मधूनच उठून जा म्हणतोय तो. शक्य असेल तर काय करणार आहात ते एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात विचार असंही सांगा. वेस्लींच्या अनुयायांचे साधारण बारा-बारा जणांचे वर्ग १७४२ पासून असंच एकमेकांना विचारत आले.

पाळक किंवा घरातले वडीलधारे सांगतील ते ऐकणं म्हणजे आज्ञापालन का?

ऐकून घ्यावं, आदर ठेवावा, शास्त्राशी ताडून बघावं. त्यापुढे डोळे झाकून जाऊ नये. धर्मसभेने तोंड बंद ठेवायला सांगितलं तेव्हा पेत्र आणि इतर प्रेषित म्हणाले की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे (प्रेषितांची कृत्ये ५:२९). तोच पेत्र पुढे मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना लिहितो की कळपावर धनीपण गाजवू नका.

जो पुढारी आज्ञापालनाच्या नावाखाली तुमचे पैसे, तुमचं शरीर किंवा तुमचं मौन मागतो, त्याला नकार द्या आणि गप्प बसू नका. घरात मारहाण होत असेल तर ती सोसत राहणं हा वधस्तंभ उचलणं नव्हे. सुरक्षित जागी जा, मदत मागा, गरज पडली तर पोलिसांत जा. हे मी इतकं स्पष्ट लिहितेय, कारण याच्या उलट सल्ला दिला गेलेला मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

ठरवून पुन्हा चुकलो तर?

चुकणारच. कबूल करा, तो विश्वसनीय आणि न्यायी आहे आणि क्षमा करतो, असं १ योहान १:९ सांगतं. मग उठून तीच गोष्ट पुन्हा करायला घ्या. स्वतःला आठवडाभर कोसत बसणं हीसुद्धा एक भावनाच आहे, आणि ती करायच्या कामाचा वेळ खाते.

मंडळीतले बाकीचे तर काहीच पाळत नाहीत. मीच का?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव आहे, मासळी आणि भाकर आहे. पेत्राने तीनदा येशूला नाकारलेलं आहे. येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटतं. पण प्रत्येक "होय" नंतर त्याच्या हातात काम येतं: माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. मग येशू त्याला सांगतो की म्हातारपणी तुला जिथे जायची इच्छा नाही तिथे दुसरे नेतील, आणि म्हणतो, माझ्यामागे ये.

इतकं झाल्यावर पेत्र काय करतो? मान वळवून मागून येणाऱ्या दुसऱ्या शिष्याकडे बघतो आणि विचारतो, प्रभू, याचं काय?

येशू म्हणतो, त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये.